गाडी उभी असताना डॅशकॅम बॅटरी किती खातो, ते कसं मोजायचं?

प्रश्न थोडक्यात असा: चार वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, ३५ एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी, पुढे-मागे मिळून दोन कॅमेऱ्यांचा डॅशकॅम, हार्डवायर किट (फ्यूज बॉक्समधून कॅमेऱ्याला थेट सप्लाय देणारं सर्किट) लावून पार्किंग मोड (गाडी बंद असतानाही पहारा) चालू, किटचा कट-ऑफ (व्होल्टेज इतकं उतरलं की कॅमेरा बंद) १२.० व्होल्टवर. गाडी रोज रात्री सोसायटीच्या आवारात उभी असते आणि बरेचदा शुक्रवारी संध्याकाळी लावली की थेट सोमवारी सकाळी निघते. बसवणारा म्हणाला होता, "काही होत नाही साहेब, एलईडीएवढा करंट लागतो, आणि किटमध्ये कट-ऑफ आहेच." पण एका सोमवारी सेल्फ फारच जड फिरला. तर हा कॅमेरा नक्की किती खातो, हे घरच्या घरी मोजता येईल का?

येईल. मात्र काय मोजायचं हे आधी ठरवून घ्या, कारण बहुतेक लोक चुकीची गोष्ट मोजतात आणि मग आकड्यांवरून वाद घालत बसतात. तुम्हाला हवा आहे तो एका अख्ख्या रात्रीत, तुमच्या नेहमीच्या जागेवर, १२ व्होल्टच्या बाजूनं गेलेला एकूण अँपिअर-तासांचा आकडा. खोक्यावर छापलेलं "५ व्होल्ट, २ अँपिअर" हे कॅमेऱ्याचं खाणं नव्हे. चार्जरमध्ये तेवढी ताकद असावी, एवढाच त्याचा अर्थ. मीटर लावून एका क्षणी दिसलेला आकडाही पुरेसा नाही, कारण पार्किंग मोडमधला कॅमेरा एकसारखा खात नाही.

पार्किंग मोड म्हणजे एकच प्रकार नव्हे, हे दुकानात कुणी सांगत नाही. टाइमलॅप्समध्ये कॅमेरा सेकंदाला एखादी-दुसरी फ्रेम घेतो, पण सेन्सर आणि प्रोसेसर जागेच असतात, त्यामुळे बचत वाटते तेवढी नसते. हालचाल दिसल्यावर क्लिप साठवणारा आणि त्या क्लिपमध्ये हालचालीच्या आधीचे काही सेकंदही देणारा जो मोड असतो, त्याला ते आधीचे सेकंद हातात ठेवण्यासाठी सतत चित्रण करत राहावंच लागतं. कार्डावर लिहीत नसला तरी खाणं जवळपास गाडी चालू असतानाइतकंच. फक्त धक्का लागल्यावर जागा होणारा मोड मात्र खरोखर झोपतो आणि काही मिलिअँपिअरवर येतो, बदल्यात धक्क्याच्या आधीचं काही मिळत नाही आणि जागं होण्यातही क्षण-दोन क्षण जातात. तेव्हा मोजणी सुरू करण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन कोणता मोड आहे ते बघा आणि वहीत लिहा. वायफाय चालू आहे का, स्क्रीन बंद होते का, मागच्या कॅमेऱ्याचं चित्रण पार्किंगमध्येही चालू राहतं का, हेही टिपून ठेवा.

सगळ्यात सोपा मार्ग यूएसबी मीटरचा. किटमधून निघणारी ५ व्होल्टची वायर आणि कॅमेरा यांच्या मध्ये हा लहानसा मीटर बसतो. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो. घेताना कॅमेऱ्याची पिन टाइप-सी आहे की मिनी यूएसबी, ते बघून घ्या. मिनी असेल तर जोडणी लागेल. मीटर व्होल्ट आणि अँपिअर तर दाखवतोच, पण आपल्याला हवी ती त्याची बेरीज, म्हणजे एमएएच (मिलिअँपिअर-तास) आणि वॅट-तास. संध्याकाळी शून्य करा, सकाळी वाचा.

यातली एमएएचची जागा निसरडी आहे. समजा सकाळी मीटरवर १२ तासांत ९००० एमएएच दिसलं. माणूस घाबरतो: ३५ एएचच्या बॅटरीतून एका रात्रीत ९ एएच गेलं! तसं नाही. ते ९००० एमएएच ५ व्होल्टवरचं आहे, बॅटरी १२ व्होल्टवर देते. दोन्हीकडे चालणारं एकच माप, ते म्हणजे वॅट-तास. ९ गुणिले ५, म्हणजे ४५ वॅट-तास. किटमधलं १२ चं ५ करणारं सर्किट यातलं थोडं उष्णतेत घालवतं. कामचलाऊ हिशेबाला ८७ टक्के कार्यक्षमता धरा, म्हणजे बॅटरीतून गेलं सुमारे ५२ वॅट-तास. त्याला १२.४ नं भागलं की ४.२ एएच. रात्रभराची सरासरी ०.३५ अँपिअर. दोन कॅमेऱ्यांच्या सेटसाठी हा आकडा अगदी नेहमीचा आहे, आणि पुढचा हिशेब मी यावरच करतो. तुमचा आला की तो इथे घाला.

पहिल्या रात्रीचा आकडा मी धरत नाही. कॅमेऱ्याच्या पोटात लिथियमची छोटी बॅटरी असेल तर सुरुवातीला ती भरण्यात जास्त करंट जातो. बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर (झटकन भरणारा छोटा साठा) असेल तर हे काही क्षणांत उरकतं. शिवाय चावी काढल्यावर कॅमेरा चालू फाइल संपवतो, मग पार्किंग मोडमध्ये जातो. तेवढ्यात वाचलेला आकडा फुगलेला येतो.

यूएसबी मीटरला किटचं स्वतःचं खाणं दिसत नाही. ते बघायचं तर १२ व्होल्टच्या बाजूला यावं लागतं, आणि त्यासाठी मी किट आधी टेबलावर तपासतो. वेगळा लॅब सप्लाय नसला तरी सीसीटीव्हीचा १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर चालतो. किटला तीन वायरी असतात: काळी अर्थिंगची, बहुतेक किटमध्ये पिवळी म्हणजे कायम चालू सप्लाय, आणि लाल म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा सप्लाय. रंगांवर विसंबू नका, वायरीवरची चिठ्ठी वाचा. पिवळी आणि लाल दोन्ही प्लसला जोडा, कॅमेरा नेहमीसारखा चालू होईल. मग फक्त लाल काढा. कॅमेऱ्याला वाटतं गाडी बंद झाली, आणि तो पार्किंग मोडमध्ये जातो. आता पिवळ्या वायरीत मल्टिमीटर सिरीजमध्ये घाला, म्हणजे वायर सोडवून मीटर मध्ये जोडा.

इथे एक गंमत नेहमी होते. किट चालूच होत नाही आणि गिऱ्हाईक म्हणतं पीस खराब आहे. खराब काही नसतं. कट-ऑफ १२.२ किंवा १२.४ वर ठेवलेला असतो आणि अडॅप्टर देतो बरोबर १२.०. किट त्याचं कामच करतंय. कट-ऑफ सर्वांत खाली आणा आणि पुन्हा बघा.

व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा सप्लाय मिळाला तर अर्धा तास त्यावर अवश्य घालवा. १२.८ पासून सुरू करा आणि ०.१ ०.१ नं खाली या. प्रत्येक पायरीवर मिनिटभर थांबा, कारण किट लगेच कापत नाही. नेमकं किती व्होल्टला कापलं ते लिहा. स्वस्त किटमध्ये लिहिलेलं १२.२ आणि प्रत्यक्षातलं १२.२ यांत फरक पडू शकतो, आणि बॅटरीच्या बाबतीत ०.२ व्होल्ट ही मोठी रक्कम आहे. कापल्यानंतरही मीटर काढू नका: कॅमेरा बंद झाल्यावर किट स्वतः किती मिलिअँपिअर ओढतं ते बघा. कट-ऑफ झाला म्हणजे शून्य झालं, असं नसतं. मग व्होल्टेज हळूच ०.२ नं वर न्या. काही किट लगेच कॅमेरा पुन्हा चालू करतात. गाडीत हे त्रासदायक ठरतं: लोड सुटला की बॅटरीचं व्होल्टेज आपोआप थोडं वर येतं, किटला वाटतं बॅटरी सुधारली, कॅमेरा सुरू होतो, व्होल्टेज पडतं, पुन्हा बंद. रात्रभर हा खेळ चालतो आणि दर वेळी सुरू होताना कॅमेरा जास्त ओढतो. चावी फिरवल्याशिवाय परत चालू न होणारं किट चांगलं.

मल्टिमीटरबद्दल दोन शब्द, कारण फ्यूज इथेच उडतात. लाल प्रोब १० अँपिअरच्या खोबणीत घाला. मिलिअँपिअरच्या खोबणीत घातलात तर कॅमेरा सुरू होतानाचा झटका मीटरच्या आतला फ्यूज नेऊ शकतो, आणि त्या रेंजमध्ये मीटरचा स्वतःचा रोध जास्त असल्यानं किटपर्यंत व्होल्टेजही कमी पोचतं, म्हणजे कट-ऑफची चाचणीच चुकते. साध्या मीटरची १० अँपिअरची रेंज १० मिलिअँपिअरपर्यंतच नेमकं दाखवते. ३५० मोजायला ती पुरते. झोपलेल्या किटचे ८ मिलिअँपिअर मोजायला नाही. त्यासाठी कॅमेरा बंद झाल्यावरच खालच्या रेंजला या. आणि काम झालं की प्रोब परत व्होल्टच्या खोबणीत. अँपिअरच्या खोबणीत प्रोब ठेवून बॅटरीचं व्होल्टेज बघायला जाणं म्हणजे सरळ शॉर्ट.

आता गाडीत. बॅटरीचं टर्मिनल उघडायची कॅमेऱ्यापुरती काहीच गरज नाही. फ्यूज बॉक्समधून टॅप (फ्यूजच्या जागी बसून जादा वायर काढून देणारी जोड) घेऊन पिवळी वायर गेली असेल, तिथे सोलर किंवा रिमोट कंट्रोलच्या विमानांसाठी वापरतात तसला डीसी वॅट मीटर मध्ये घालायचा. तो रात्रभराचे एएच आणि वॅट-तास मोजत बसतो. स्वतः काही मिलिअँपिअर घेतो, ते टेबलावर आधीच बघून वजा करा. हा मीटर असेल तर यूएसबीवाला नसला तरी चालेल. दोन्ही असतील तर दोघांच्या वॅट-तासांच्या भागाकारातून तुमच्या किटची खरी कार्यक्षमता निघते, मग माझ्या ८७ टक्क्यांवर विश्वास ठेवायचं कारण उरत नाही.

टॅप कोणत्या फ्यूजवर घेतलाय तेही तपासा. "कायम चालू" समजून घेतलेला फ्यूज काही गाड्यांत चावी काढल्यावर काही वेळानं बंद होतो, कारण गाडीचा बॉडी कंट्रोल मॉड्यूल बॅटरी वाचवण्यासाठी आतल्या दिव्यांसारख्या सर्किटांचा सप्लाय तोडतो. मग सकाळी वॅट मीटरवर फारच छान आकडा दिसतो, आणि कार्डावर रात्रीचं रेकॉर्डिंग मात्र नसतं. आकडा कमी आला की आनंद मानण्याआधी कार्डावरच्या शेवटच्या फाइलची वेळ बघा.

कॅमेऱ्याबरोबर गाडीचं स्वतःचं खाणंही मोजलं पाहिजे, नाहीतर कॅमेऱ्याच्या माथी दुसऱ्याचं पाप येतं. सायरन, की-लेस एंट्री, स्टिरिओची मेमरी, कनेक्टेड गाडीतलं सिमकार्ड, हे सगळं गाडी उभी असताना थोडं थोडं घेतच असतं. निरोगी गाडी पूर्ण झोपल्यावर साधारण ५० मिलिअँपिअरच्या खाली असते, बऱ्याच गाड्या २०-३० वर येतात. पण झोपायला वेळ लागतो: १०-१५ मिनिटं ते अर्धा-पाऊण तास, काहींना त्याहून जास्त. तोवर अँपिअरमध्ये आकडे दिसतात आणि लोक समजतात की लीकेज आहे. दार उघडं ठेवून मोजायचं असेल तर दाराच्या कडेचं कुलूप स्क्रूड्रायव्हरनं दाबून बंद स्थितीत न्या, म्हणजे गाडीला दार बंद वाटतं. बॉनेटला स्विच असेल तर तोही दाबून बांधा. की-लेस गाडीची चावी खिशात ठेवून शेजारी उभे राहू नका, घरात ठेवून या. चावी जवळ असली की गाडी पुन्हा पुन्हा जागी होते. मोजून झालं की दार लावायच्या आधी हँडल ओढून ते कुलूप मोकळं करायला विसरू नका.

यासाठी क्लॅम्प मीटर सगळ्यात सोयीचा, कारण काही सोडावं लागत नाही, बॅटरीच्या काळ्या केबलभोवती चिमटा लावला की झालं. पण इलेक्ट्रिशियनकडे असतो तो बहुधा फक्त एसी मोजतो, गाडीत तो शून्यच दाखवणार. डीसी मोजणारा, आणि तोही खालच्या रेंजचा हवा. यूनि-टीच्या यूटी२१०ईसारख्यात २ अँपिअरची डीसी रेंज आहे, ती मिलिअँपिअरपर्यंत दाखवते. चिमटा लावण्याआधी त्याच जागी धरून शून्य करा. नुसती पिवळी वायर मोजायची असेल तर तिचे चिमट्यातून दहा वेढे घ्या आणि आकड्याला दहानं भागा. बारीक करंट असा नीट वाचता येतो.

आता हिशेब. कॅमेरा ०.३५ अँपिअर, गाडी ०.०३ धरू. एका रात्रीचे १२ तास: साडेचार एएच. शुक्रवारी रात्री ८ ते सोमवारी सकाळी ८, म्हणजे ६० तास: जवळपास २३ एएच. बॅटरीवर लिहिलंय ३५, म्हणजे १२ राहतील असं वाटेल. पण ते ३५ नव्या बॅटरीचे, आणि २० तासांत सावकाश काढले तर मिळणारे. तीन-चार वर्षांच्या बॅटरीत २५ उरले असतील तर नशीब. शिवाय ही स्टार्टरची बॅटरी आहे, इन्व्हर्टरची नाही. तिच्या प्लेट पातळ असतात, क्षणभर दीड-दोनशे अँपिअर देण्यासाठी बनवलेल्या; रोज खोल उतरवली की त्यांवर सल्फेट धरतं आणि क्षमता कायमची घटते. म्हणून असल्या बॅटरीतून एका बैठकीत एक-तृतीयांशपेक्षा जास्त काढायचं नाही, असा माझा दंडक आहे. २५ चा तिसरा हिस्सा ८. तुमची एक रात्र त्यात बसते. शनिवार-रविवार बसत नाही, आणि ताणूनही बसवता येणार नाही.

"मग कट-ऑफ कशाला आहे?" गाडी पूर्ण मरू नये म्हणून. तो शेवटचा बंधारा आहे, रोजचं नियोजन नव्हे. शांत बसलेली भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, १२.४ म्हणजे सुमारे ७५ टक्के, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव. तुमच्या किटवर १२.० आहे, म्हणजे तुम्ही त्याला बॅटरी पावपर्यंत रिकामी करायची परवानगी दिली आहे. म्हाताऱ्या बॅटरीत तेवढ्यावर सेल्फ फिरेलच असं नाही. आणि हे टक्केही शांत बॅटरीचे. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर व्होल्टेज काही तास उगाच चढलेलं असतं. उलट, किट मोजतं ते स्वतःपाशी पोचलेलं व्होल्टेज, बॅटरीच्या टर्मिनलवरचं नाही. लांब, बारीक वायर आणि ढिला टॅप असेल तर ते खरं त्यापेक्षा कमी दिसतं आणि कॅमेरा लवकर बंद होतो. मल्टिमीटरनं दोन्ही ठिकाणी एकदा मोजून फरक बघून घ्या.

रात्री गेलेलं दिवसा परत येतं का, हा खरा प्रश्न आहे आणि तो कुणी विचारत नाही. साडेचार एएच काढले तर पाचेक तरी परत घालावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर अर्धा-पाऊण तास चाललात तर ते भरतात. पण ऑफिस १५ मिनिटांवर, त्यात एसी, हेडलाइट आणि सिग्नलला उभं राहणं, तर रोज थोडी तूट राहते आणि आठवड्याभरानं दिसते. नव्या गाड्यांतला अल्टरनेटरही (इंजिनावर फिरून बॅटरी भरणारा) पूर्वीसारखा सतत १४ व्होल्टच्या वर देत नाही. इंधन वाचवण्यासाठी तो मध्ये मध्ये हात आखडतो. अशा गाडीत बॅटरीच्या मायनसवर करंट मोजणारा सेन्सर असतो. किटची काळी वायर थेट मायनसच्या खुंट्यावर लावली तर कॅमेऱ्यानं खाल्लेलं त्या सेन्सरला कळतच नाही आणि गाडी बॅटरी भरलेली समजून बसते. काळी वायर बॉडीच्या बोल्टलाच लावा, रंग खरवडून.

ही तूट पकडायला बॅटरीवर कायमचा बसणारा ब्लूटूथ मॉनिटर घ्या. तो मिलिअँपिअर-दोन मिलिअँपिअर खातो, पण व्होल्टेजचा आलेख ठेवतो. पहाटेचं व्होल्टेज आठवडाभर बघा. रोज १२.४ च्या आसपास टिकत असेल तर ठीक. सोमवारी १२.५, बुधवारी १२.४, शुक्रवारी १२.२ असं उतरत असेल तर तुमचं रोजचं चालवणं कॅमेऱ्याला पुरत नाही. सेल्फ मारतानाचा सर्वांत खालचा आकडाही त्यात दिसतो. साडेनऊच्या खाली जाऊ लागला तर आधी बॅटरीच्या दुकानात टेस्टर लावून घ्या, कॅमेऱ्याचं नंतर बघू.

जागेचा परिणाम लोक विसरतात. हालचालीवर चालणारा मोड बंद बेसमेंटमध्ये रात्रभर शांत असतो. तीच गाडी रस्त्याकडेला, झाडाखाली, दिव्यासमोर लावली तर फांदी हलली तरी क्लिप. म्हणून मोजणी नेहमीच्या जागेवरच करा, दुकानासमोर नाही.

तुमच्या बाबतीत मी असं करेन. कट-ऑफ आजच १२.० वरून १२.४ वर नेईन. आधी टेबलावर तो खरा किती आहे ते बघेन. किटमध्ये किंवा कॅमेऱ्यात टायमर असेल तर १२ तासांचा लावेन, म्हणजे रोजची रात्र झाकली जाते. शुक्रवारी गाडी लावताना मोड बदलून नुसता धक्क्यावर ठेवेन. मोड बदलायला ॲपमध्ये अर्धं मिनिट लागतं. हे दर आठवड्याला लक्षात राहणार नसेल तर पिवळ्या वायरीत एक छोटा स्विच बसवून घ्या, डॅशबोर्डखाली हाताला लागेल असा. ६० तास पूर्ण रेकॉर्डिंग हवंच असेल, शेजारच्या गाडीचे ओरखडे वगैरे कारण असेल, तर त्यासाठी डॅशकॅमकरता बनवलेली वेगळी लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी मिळते. ती गाडी चालू असताना भरते आणि मूळ बॅटरीला हात लावत नाही. महाग आहे. घ्यायची तर ६० तास गुणिले तुमचे मोजलेले वॅट असा हिशेब करूनच घ्या: पावणेचार वॅट असतील तर २२५ वॅट-तास लागतील, आणि बाजारातली लहान पॅक त्याच्या आसपासही नसतात. तिच्याऐवजी मोबाइलची पॉवर बँक डॅशबोर्डवर ठेवू नका. मे महिन्यातल्या दुपारी बंद गाडीत ६० अंशांच्या वर तापमान जातं.

आणि मोजणीचे आकडे घेऊन त्या बसवणाऱ्याकडे जरूर जा, पण भांडायला नको. टॅप कोणत्या फ्यूजवर आहे, पिवळ्या वायरीत २ किंवा ३ अँपिअरचा फ्यूज आहे का आणि काळी वायर कुठे लावली, हे तीन प्रश्न विचारा. तिन्हीची उत्तरं त्यानं न अडखळता दिली तर काम नीट केलंय. नाहीतर फ्यूज बॉक्सवरचं कव्हर काढून तुम्हीच बघा.